माळी बाईंनी घेतलेलं साल

आमच्या घरात नापास झालेलं पोर दुसऱ्या दिवशी शाळेत जात नसे. हा आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा नियम. "एका पोराला एक इयत्ता एकदाच," असं ते म्हणत आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे. मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर आमची वाडी. भाताची दोन-चार खाचरं, एक म्हैस आणि आबा मेढ्यात हमालीला. घरात पुस्तकांचा एकच संच असायचा. दादाची पुस्तकं अक्काला, अक्काची मला. दादा पाचवीत थांबला असता तर त्याच वर्षी पाचवीत आलेल्या अक्काला पुस्तकं कुठनं आणायची, हा आबांचा सवाल होता.

दादा पाचवीत नापास झालाच. त्या वर्षी आई बाळंतपणात गेली होती. त्याचा आणि निकालाचा काही संबंध असेल असं घरात कुणाच्या मनातही आलं नाही. निकालाच्या आठवड्यातच आबांनी त्याला मुंबईला नेला आणि एका कॅन्टीनमध्ये ताटं धुवायला ठेवला. अक्का सातवीत अडकली. तिचं दप्तर दुसऱ्या दिवशी माझ्या खांद्यावर आलं आणि सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं. मी बी. कॉम. झालो. आमच्या घरातलाच नव्हे, अख्ख्या भावकीतला पहिला पदवीधर. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी झाकून ठेवत नाही. पण दादापेक्षा मी हुशार होतो असं कुणी म्हटलं तर ते खोटं आहे. दादा तोंडी हिशेब माझ्याआधी करायचा. मी फक्त कधी नापास झालो नाही, एवढाच आमच्या दोघांतला फरक.

हे आधी सांगितलं, कारण याशिवाय माळी बाई कळायच्या नाहीत.

माळी बाई मूळच्या आष्ट्याच्या. आमच्या वाडीच्या दोन शिक्षकी शाळेत त्या आल्या तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती. बुटक्या, रुंद हाडाच्या, चालताना एक पाय जरा फेकत चालायच्या. मेढ्यात खोली घेऊन एकट्या राहायच्या आणि रोज सकाळी वडापच्या जीपनं वर यायच्या. जीप भरली नसेल तर ड्रायव्हर थांबून राहायचा. मग बाई खाली उतरून रस्त्यावरच्या माणसांना हाका मारायच्या, "आवं, बसा की पटापटा, माझी पोरं खोळंबल्यात." माणसं बसायची. ड्रायव्हर म्हणायचा, बाईंना अर्धं भाडं माफ करायला पाहिजे, निम्म्या गिऱ्हाईकाला त्याच बसवतात.

बोलायच्या आष्ट्यासारखं, वर्गात सुद्धा. पोरगं उत्तर देईना की, "बोल की रं, तोंडात मीठ धरलंयस व्हय?" शाळेतली खिचडी शिजली की पहिला घास त्या घ्यायच्या. तसा नियमच आहे, पण बाकीचे मास्तर बोटभर चाखतात. बाई ताट भरून मांडी घालून बसायच्या आणि पोरांना सांगायच्या, "आदी मी खाते. काय झालं तर मी मरंन, तुमी घरला जावा." पोरं हसायची. खुर्चीवर त्यांना कधी कुणी बसलेलं बघितलं नाही. खुर्च्या साहेब लोकांसाठी, असं त्या म्हणत, आणि साहेब वर्षातनं दोनदा यायचे.

त्यांची एक सवय मात्र पोरांना घाबरवायची. कुणी वाचायला उभं राहिलं की बाई डोळे मिटून घ्यायच्या. नवीन पोरांना वाटायचं, झोपल्या. शब्द चुकला की गुडघ्यावरचं एक बोट वर उठायचं. डोळे बंदच. पोरगं तो शब्द पुन्हा लावायचं. बोट खाली गेलं की पुढं जायचं. शाबासकी त्यांनी कुणाला दिल्याचं मला कुणी सांगितलेलं नाही. पोरगं हुशार आहे का असं आईबापांनी विचारलं तर म्हणायच्या, "ते मला कळत न्हाई. वाचतंय का न्हाई एवढं कळतंय."

नवरा आष्ट्याला अंथरुणावर होता. लकवा मारून उजवी बाजू गेलेली. जाऊ त्याचं करायची, पण आठवडाभर दुसऱ्याच्या माणसाचं करणं किती दिवस जमणार? म्हणून बाई दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की निघायच्या. मेढा, सातारा, कराड, इस्लामपूर, आष्टा. एसटी बदलत बदलत दिवेलागणीला पोचायच्या, आणि सोमवारी पहाटे उलट्या वाटेनं परत. जिल्हा बदलून मिळावा म्हणून त्यांनी कितीदा अर्ज केला होता. "यादीत नाव येतंय आन खाली सरकतंय," एवढंच बोलायच्या.

मी सांगलीत हळदीच्या एका पेढीवर हिशेब बघतो. शनिवारी मी घराकडं निघालेलो असायचो आणि बाई त्यांच्या घराकडं, त्यामुळं कराडच्या स्टँडवर आमची गाठ पडायची. मला लांबून बघूनच म्हणायच्या, "आलं का ग्रॅज्युएट." त्यात टोमणा होता की कौतुक, मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

आरोही दादाची मुलगी. तिच्या शाळाप्रवेशाला बाई स्वतः घरी आल्या होत्या. जून महिना, मी रजेवर घरी. पोरगी अंगणात कोंबडीच्या मागं पळत होती, अंगात नुसती चड्डी.

"आबा, हिला आवंदा पयलीत घालायची."

वहिनी चुलीपुढनं बाहेर आल्या. "आवं बाई, आजून झोपंत वलं करती ती."

"माझ्याकडं झोपायला कुठं यायचीया?"

सगळे हसले. अंगणवाडीच्या ताई तिथंच उंबऱ्याशी होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "बाई, डिसेंबरातली हाय ती. एक साल माझ्याकडं ऱ्हाऊ दे. पेन्सिल धरताना बोटं दमत्यात तिची."

"कायद्यात बसती," बाई म्हणाल्या. "डिसेंबर सरायच्या आत सहा पुरी हुत्यात. बसती न्हवं?"

बसत होती, तीन-चार दिवसांनी. आबांना तर आनंदच झाला. घरची नात लवकर शाळेला निघाली म्हणजे लवकर शिकून मोकळी होणार. एवढी घाई कशाला, असं कुणीच विचारलं नाही.

पहिलीचं वर्ष सरतंय तोवर करोना आला. शाळा बंद. दादाचं कॅन्टीन बंद, तो गावी आला. घरात एक फोन, तोही दादाचा. बाई तोंडाला फडकं बांधून चालत वर यायच्या आणि अंगणा-अंगणात उभं राहून धडे मोठ्यानं वाचून दाखवायच्या. पोरं ओट्यावर बसून ऐकायची. आरोही त्यात सगळ्यात लहान आणि तिचा कान असा, की दोनदा ऐकलेला धडा तिसऱ्यांदा ती स्वतः म्हणायची. पुढं पुस्तक धरून, बोट फिरवत, पान सुद्धा बरोबर जागी उलटत. आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला बसवून घ्यायचे. "बघा की, कशी धडाधडा वाचतीया." मी पण ऐकलं होतं. मला पण वाटलं, वाचते.

शाळा पुन्हा सुरू झाली. वरच्या वर्गांच्या मास्तरांची बदली झाली आणि त्यांच्याकडचे तिसरी-चौथी-पाचवीचे वर्ग आणि शाळेचा चार्ज बाईंकडं आला. आरोही तेव्हा चौथीत. एका रविवारी, आष्ट्याला जाणं चुकलेलं म्हणून, बाई आमच्या घरी आल्या. आबांनी लगेच नातीला पुस्तक घेऊन उभी केली. आरोहीनं धडा सुरू केला. एक अक्षर अडलं नाही. बाई डोळे मिटून ऐकत होत्या, बोट काही उठलं नाही. आबा माझ्याकडं बघून मिशीत हसले.

धडा संपला. बाई डोळे न उघडता म्हणाल्या, "आता खालची ओळ वाच. मग तिच्या वरची. मग तिच्या वरची."

पोरीचं बोट पानावर खाली सरकलं आणि तिथंच अडलं. तिनं पुस्तकाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

बाईंनी खुंटीला अडकवलेलं लाइटबिल काढलं आणि तिच्या पुढं धरलं. "बरं, ह्यातलं आबाचं नाव वाच."

आबांचं नाव तिला काय माहीत नव्हतं? पण ते कागदावर कुठं आहे ते तिला सापडेना. तिनं बोट ठेवलं ते वीज कंपनीच्या नावावर आणि आबांचं नाव म्हणाली.

"दमलीया ती," आबा म्हणाले.

बाईंनी पाणी मागितलं. प्याल्या आणि उतार उतरून गेल्या. त्यांचा पाय त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त फेकला जातोय असं मला वाटलं.

तिथनं पुढं पाचवी संपेपर्यंत आरोही शाळेत सगळ्यांच्या आधी जायची आणि शेवटी यायची. बाई तिला जुन्या पहिलीच्या पुस्तकापासून शिकवत होत्या. पण एकीकडं काना-मात्रा आणि दुसरीकडं पाचवीचा अपूर्णांक, पोरगी दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभी. आणि त्याच साली नियम आला, की पाचवीला परत परीक्षा आणि नापास झालं तर त्याच वर्गात. इतकी वर्षं पोरं आपोआप वर सरकत होती.

त्या काळात कराडच्या स्टँडवर बाईंनी मला एक गोष्ट सांगितली. त्यांच्या आधीच्या शाळेत एक मुलगी होती. तिलाही वाचता येत नव्हतं आणि तिलाही सगळ्यांनी वर वर सरकवलं, बाईंनीही. "नववीत पोचली ती. हायस्कुलात सरांनी फळ्यावरचं वाचायला लावलं. पोरं हसली. दुसऱ्या दिशी गेलीच न्हाई. पंधराव्या वर्षी लगीन. मागच्या साली भेटली वीटभट्टीवर. पगाराला अंगठा उठवत हुती, ग्रॅज्युएट. नववी शिकलेली पोरगी अंगठा उठवती." इस्लामपूरची गाडी लागली. बाई पिशवी उचलून धावल्या.

परीक्षेच्या आधी साहेब आले. भला माणूस, कुणाचं वाईट व्हावं असं त्याच्या मनात नव्हतं. म्हणाला, "बाई, पेपर तुमचा, तपासणार तुम्ही. पहिलंच वर्ष आहे नियमाचं. द्या चार गुण आणि मोकळ्या व्हा. कुठं कटकट करून घेता?"

बाईंनी खुर्ची पुढं केली. "बसा सायेब. हिला वाचायला लावा. वाचली तर तुमच्या हातानं पास करा, मी सही करते."

साहेबांनी पुस्तक उघडलं. आरोहीनं धडा म्हणून दाखवला, स्वच्छ. साहेब खूश. "अहो, वाचतेय की."

"खालनं वर वाचायला सांगा."

साहेबांनी घड्याळ बघितलं. पुढच्या शाळेला जायचं होतं त्यांना. ही गोष्ट मला वहिनींनी सांगितली. त्या दिवशी खिचडी शिजवायची पाळी त्यांची होती.

आमच्याकडं निकाल एक मेला लागतो. झेंडावंदन झालं की सगळ्या गावासमोर नावं वाचतात आणि ज्याचं नाव येईल त्याच्या घरचे तिथंच गोड वाटतात. वहिनींनी साखरफुटाणे आणले होते. पिशवी आरोहीच्या हातात, अंगावर नवा फ्रॉक. बाईंनी पाचवीची नावं वाचली. थोडीच होती. संपली. बाईंनी कागद घडी करून ठेवला. पोरगी पिशवी धरून उभीच. तिला वाटलं, आपलं पुढं येईल. मग सगळे उठायला लागले तेव्हा तिनं पिशवी फ्रॉकच्या मागं धरली. आबा तिच्या अंगावरनं निघून गेले, वळून बघितलं नाही.

जूनमध्ये पुन्हा परीक्षा झाली. सुट्टीभर बाई आष्ट्याला न राहता येऊन-जाऊन शिकवत होत्या. बाईंनी पुन्हा नापास केली.

आबांनी ठरवून टाकलं. पाटणला अक्काची सासू अंथरुणाला खिळली होती, अक्काला हाताखाली कुणीतरी हवं होतं. आरोहीनं तिकडं जायचं. वहिनींनी दादाला मुंबईला फोन लावला. दादा म्हणाला, "आबा म्हणतील तसं." मी फोन घेतला, त्याला म्हटलं, तुझं पाचवीत काय झालं ते विसरलास काय? तो म्हणाला, "विसरलो न्हाई. म्हणूनच म्हणतोय. आबाफुडं कुणाचं चाललंय?"

पोरीची बोचकी ओट्यावर बांधून ठेवलेली होती तेव्हा बाई आल्या. भिजल्या होत्या. वहिनींनी टॉवेल दिला, तो त्यांनी मांडीवर ठेवला आणि आबांच्या पुढं जमिनीवर बसल्या.

"आबा, पोरगी कुठं निघाली?"

"पाटणला. हाताखाली हुईल अक्काच्या."

"आन शाळा?"

"कसली शाळा? नापास झाली न्हवं? तुमीच केली."

"व्हय. मीच केली."

"मग झालं. आमच्यात एका पोराला एक इयत्ता एकदाच. ह्यो शिकला त्यो असाच शिकला." आबांनी माझ्याकडं हात केला. मी ओट्यावरची बोचकी बघत राहिलो.

"आबा, हिचं एक साल माझ्याकडं हाय," बाई म्हणाल्या.

आबांना कळलं नाही. मलाही नाही.

"हिला मी पयलीत घातली तवा अंगणवाडीच्या ताई सांगत हुत्या, एक साल ऱ्हाऊ द्या. मी ऐकलं न्हाई. का ऐकलं न्हाई ठावं हाय? आपल्या शाळंचा पट कमी पडत हुता. एक पोर कमी पडलं असतं तर दोनातला एक मास्तर जास्तीचा ठरला असता. म्हंजे मी. आन मला टाकली असती कोयनेच्या पाण्यापल्याड. लाँचनं जायाचं तिथं. तिकडनं शनवारी आष्ट्याला पोचता येत न्हाई. माझा माणूस तिथं पडून हाय, आबा. माझा शनवार जाऊ नये म्हणून मी हिचं साल घेतलं. वर करोनानं दोन खाल्ली, ती त्येनं. पण पयलं मी घेतलं."

वहिनी भिंतीला टेकून खाली बसल्या.

"आता तिनं पाचवीत बसायचं ते दुसऱ्यांदा न्हाई. तिचं वय आता पाचवीचं हाय. आदीची पाचवी माझ्या नावावर घाला, तिच्या नगं. नापास म्हणायचं तर मला म्हणा. पोरगी शाळंत पाठवा."

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "आन हे आज सांगताय?"

"तवा कुणी इचारलं न्हाई. मी बी सांगितलं न्हाई."

"घरात सांगून काय उपेग? एक मेला समद्या गावानं ऐकलंय. पोरगी हातात पिशवी धरून हुबी हुती. गावाला सांगा."

"सांगते," बाई म्हणाल्या. टॉवेल तसाच, घडी न मोडता परत दिला आणि गेल्या.

बोचकी आत गेली. आरोही पाचवीत बसली, तूर्तास. आबा कुणाला शब्द द्यायचे नाहीत, पण आता पंधरा ऑगस्टची वाट बघत होते हे सगळ्यांना कळत होतं.

झेंडावंदनाला मी मुद्दाम थांबलो होतो. भाषणं झाली, पोरांनी गाणी म्हटली. बाई उठल्या. त्यांनी जे आमच्या घरात सांगितलं तेच सांगितलं, त्याच शब्दांत. आवाज चढवला नाही, पडू दिला नाही. माझा शनवार, हा शब्दसुद्धा गाळला नाही. पुढं बसलेल्या बायकांपैकी एक-दोघींनी पदर तोंडाला लावला. मागनं कुणीतरी म्हणालं, "म्हंजे सोताच्या नोकरीपायी." बाईंनी ऐकलं. "व्हय, सोताच्याच," असं म्हणाल्या आणि खाली बसल्या. आबा टोपी सारखी करून उठले. घरी आल्यावर नातीला म्हणाले, "दप्तर कुठं हाय? कोपऱ्यात फेकू नगंस."

एवढ्यावर हे संपायला हवं होतं. पण गावात सगळ्यांना सगळं पचत नाही. महिन्याभरात वर तक्रार गेली. पट टिकवण्यासाठी लहान मुलं भरली, शिक्षिकेनं स्वतः कबूल केलं आहे, चौकशी व्हावी. कुणी केली ते गावाला माहीत आहे, मी इथं लिहीत नाही. नियमाबाहेर बाईंनी काहीच केलं नव्हतं, मुलगी वयात बसत होती. तरी नोटीस आली आणि साताऱ्याला सुनावण्या सुरू झाल्या. नवऱ्यासाठी राखून ठेवलेल्या रजा बाई त्या तारखांना वापरायला लागल्या.

इकडं वर्गात पोरं आरोहीला 'जुनी पाचवी' म्हणायची. एकाच्या डोक्यात तिनं पाटी घातली. बाईंनी तिला रागे भरलं नाही आणि त्याचीही बाजू घेतली नाही, दोघांना एकाच पुस्तकावर वाचायला बसवलं. मी दिवाळीत गेलो तेव्हा तिला विचारलं, "बाई मारतात का गं?"

"न्हाई काका. डोळं मिटत्यात. त्ये लय वाईट."

त्या दिवाळीत तिनं माझ्या पिशवीवरचं सांगलीच्या दुकानाचं नाव वाचलं. एक एक अक्षर लावत, घाम येईपर्यंत. चुलीपाशी वहिनींचा हात थांबला होता. कुणी तिला शाबास म्हटलं नाही. आमच्या घरातही बाईंची सवय शिरली होती बहुतेक.

थंडीत एक सुनावणी होती. वहिनी स्ट्रॉबेरीच्या मळ्यात मजुरीला जातात, तो खाडा करून त्या साताऱ्याला गेल्या. पोरीची आई म्हणून सांगावं, की आमची काही तक्रार नाही. त्यांना कुणी आत बोलावलं नाही. बाकावर बसून होत्या. दुपारी बाई बाहेर आल्या, फोन कानाला होता. आष्ट्याहून जावेचा फोन. वहिनी सांगतात, बाई नुसतं "बरं" म्हणाल्या. फोन ठेवला. मग पुन्हा आत गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, "माझं मालक गेलं. फुडची तारीख द्या." तारीख घेतली, पिशवीत ठेवली. वहिनी त्यांच्याबरोबर स्टँडपर्यंत गेल्या. कराडची गाडी यायला वेळ होता. बाईंनी विचारलं, "आरूनं आज वाचलं का सकाळी?" वहिनी म्हणाल्या, वाचलं. खरं तर त्या दिवशी पोरगी वाचायला बसलीच नव्हती. वहिनींना तेवढंच सुचलं.

आष्ट्याला मयत संध्याकाळपर्यंत थांबवून धरलं होतं. बाई पोचल्या तेव्हा अंधार पडत आला होता.

तेरा दिवस झाल्यावर त्या परत आल्या. कपाळ मोकळं. पोरं त्यांच्या कपाळाकडं बघत राहिली. बाईंनी एका पोराला उभा केला आणि डोळे मिटले. चौकशीचं शेवटी एवढंच झालं, की सेवापुस्तकात ताकीद लिहिली गेली. तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत पहिली आणि शेवटची. त्याच मे महिन्याच्या अखेरीला त्यांची नोकरी संपत होती.

एक मेला झेंडावंदन झालं. या खेपेला वहिनींनी काही आणलं नव्हतं आणि आरोहीनं जुनाच फ्रॉक घातला होता. बाईंनी पाचवीची नावं वाचली. आरोहीचं नाव मधेच कुठंतरी आलं, ज्या आवाजात बाकीची आली त्याच आवाजात. बाईंनी मान वर करून बघितलं नाही. पुढचं नाव घेतलं.

निरोपाचा कार्यक्रम झाला नाही. गावात दोन तट पडले होते आणि कुणी पुढं झालं नाही. मे सरताना बाई शेवटच्या शाळेत आल्या त्या नव्या मास्तरांना किल्ल्या द्यायला. मी सुट्टी काढून गावी होतो. मेढ्याच्या खोलीतलं त्यांचं सामान म्हणजे एक वळकटी, एक बादली, तीत चार भांडी. मी बादली धरून तिथल्याच वडापच्या नाक्यावर उभा होतो. आबा आले होते. ते बाईंशी बोलले नाहीत, वळकटी उचलून त्यांनीच जीपच्या टपावर टाकली आणि दोरी आवळून बघितली. बाई पण आबांशी बोलल्या नाहीत. त्या ड्रायव्हरशी भांडत होत्या.

"फुडं तिघं, मागं आठ. ह्यात माणसं बसत्यात का कोंबड्या?"

"बाई, आज शेवटचा दिस. आज तर नगा भांडू."

"शेवटचा म्हणून काय चेंगरून मारतोस? सरक तिकडं."

माझ्या हातातली बादली त्यांनी घेतली, मांडीवर ठेवली. "जाते ग्रॅज्युएट," म्हणाल्या. जीप हलली. त्यांचा हात आत एका बाईचं पोर धरण्यात गुंतला होता, म्हणून त्यांनी हात केला नाही. वळणावर जीप दिसेनाशी झाली. त्यानंतर मी त्यांना बघितलेलं नाही. पावसाळ्यात एकदा फोन केला तर जावेनं उचलला. म्हणाली, झोपल्यात, हल्ली लय झोपत्यात.

आरोही पाचवी पास झाली. आता मेढ्याच्या हायस्कुलात सहावीत आहे. पहिल्या चाचणीत वर्गात मधल्या नंबरात आली. तिला वाचता येतं, वरनं खाली आणि खालनं वर. आमच्या घरात नापास होऊन शाळेत राहिलेलं ते पहिलं पोर.